गोव्यात नोकरी शोधताना ऑगस्टचा पगार विचारा

गोव्यात काम मिळणं अवघड नाही. ऑक्टोबरात म्हापशाच्या स्टँडवर उतरलेल्या धडधाकट माणसाला आठवडाभरात कुठे ना कुठे काम लागतंच. अवघड आहे ते चार पैसे मागे राहतील असं काम मिळणं, आणि ते पाऊस सुरू झाल्यावरही टिकणं. डिसेंबरात इथे सगळेच कमावतात. म्हणून कुडाळ-सावंतवाडीकडून, कोल्हापूर-बेळगावाकडून किंवा पुण्या-मुंबईहून इकडे यायचं ठरवणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: समोरचा जो आकडा सांगेल तो ऐकून घ्या आणि लगेच विचारा, "ऑगस्टमध्ये किती देणार?" त्या उत्तरावरून नोकरीची जात कळते.

आधी कॅलेंडर समजून घ्या

गोव्याचा सीझन ऑक्टोबरात सुरू होतो, नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात शिगेला पोचतो आणि मार्चनंतर उतरायला लागतो. किनाऱ्यावरच्या शॅकना, म्हणजे बांबू-झावळ्यांच्या तात्पुरत्या खाणावळींना, ३१ मेपर्यंतच परवानगी असते. त्यानंतर बांबू, झावळ्या, टेबलं-खुर्च्या सगळं उचलावं लागतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. पार्टीवर चालणारी कांदोळी-बागा पट्ट्यातली बरीच दुकानंही याच काळात अर्धं शटर ओढून बसतात.

मोठ्या हॉटेलांचं तसं नसतं. लग्नं, कंपन्यांच्या परिषदा आणि शनिवार-रविवारी पावसात भिजायला येणारे मुंबई-पुणे-हैदराबादकर यांच्या जोरावर ती बाराही महिने चालतात. मात्र कायम माणसं आणि सीझनपुरती घेतलेली माणसं यांच्यात ती स्पष्ट फरक करतात, आणि पहिल्या पावसात काम कुणाचं सुटतं हे वेगळं सांगायला नको.

यायची योग्य वेळ म्हणजे ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबर. हॉटेलं ऑक्टोबरसाठी भरती याच वेळी करतात. शिवाय याच सुमारास चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते. गोंयकार माणूस चवथीला घरी जाणार म्हणजे जाणार, मग तो वेटर असो की फॅक्टरीतला फिटर. त्या आठवड्यात सगळीकडे माणसं कमी पडतात आणि हाताशी असलेल्या नव्या माणसाला पाय रोवायला जागा मिळते. अर्थात आपल्यालाही गणपतीला गावी जायचं असतं. एखादं वर्ष गणपती सोडायची तयारी असेल, तर ती पहिल्या वर्षी दाखवा.

डिसेंबरात येऊ नका. काम मिळेल, पण डोकं टेकायला खोली मिळणार नाही. मिळालीच तर तिचं भाडं ऐकून परतीची गाडी धराल.

समुद्राकडे पाठ करून बघा

गोव्यात पगाराची नोकरी म्हटलं की डोळ्यांसमोर हॉटेल येतं. पण मध्यमवर्गीय घर चालेल असा नियमित पगार देणारी सर्वांत मोठी जागा किनाऱ्यावर नाही. ती वेर्ण्याच्या पठारावर आहे. वेर्णा औद्योगिक वसाहत ही राज्यातली सर्वांत मोठी. सिप्ला, ल्युपिन, इंडोको यांचे औषधांचे कारखाने तिथे आहेत. ग्लेनमार्क कोलवाळला, युनिकेम पिळर्णला. उसगावला एमआरएफचा टायर कारखाना आणि नेस्ले, नेस्लेचाच दुसरा कारखाना डिचोली तालुक्यात. याशिवाय कुंडई, मडकई, बेतोडा, तुये, होंडा, कुंकळ्ळी अशा लहान-मोठ्या वसाहती आहेत, ज्यांची नावं पर्यटकाच्या नकाशावर कधी येत नाहीत.

बीएस्सी केमिस्ट्री, बी.फार्म., डी.फार्म. किंवा आयटीआय झालेल्या मराठी मुलासाठी वेर्णा हा पहिला पत्ता असायला हवा. लोटे-परशुराम किंवा महाडच्या एमआयडीसीत दोन-तीन वर्षं काढली असतील तर फारच चांगलं, पण एक फरक लक्षात ठेवा. तिकडे बहुतेक काम रसायनांचं आणि औषधांच्या कच्च्या मालाचं. गोव्यात मुख्यत्वे तयार औषधं बनतात: गोळ्या, कॅप्सूल, मलमं. त्यामुळे रिअ‍ॅक्टरवरचा अनुभव इथे तितकासा चालत नाही. क्यूसी लॅबमधला (मालाचा दर्जा तपासण्याचा), एचपीएलसी हे औषध तपासायचं यंत्र हाताळल्याचा अनुभव मात्र जसाच्या तसा चालतो. अर्ज करताना तोच वर आणा. माल परदेशी जातो, त्यामुळे तिकडचे तपासनीस येतात आणि कागदपत्रं अक्षरन् अक्षर बघतात. जे केलं ते त्याच वेळी, नीट इंग्रजीत लिहून ठेवायची सवय असलेल्या माणसाला इथे खरी किंमत आहे. मुलाखतीत फाडफाड इंग्रजी बोललात की नाही याने फारसं अडत नाही. बॅच रेकॉर्ड, म्हणजे त्या-त्या घाण्याची कामाची नोंद, भरता आलं पाहिजे.

खाचखळगा एकच, कंत्राटदार. पॅकिंगच्या आणि हेल्परच्या जागा पुष्कळदा ठेकेदारामार्फत भरल्या जातात. गेटवर कंपनीचं नाव, अंगात कंपनीचा गणवेश, पण पगाराची स्लिप तिसऱ्याच नावाची. यात बेकायदा काही नाही, मात्र त्याला कंपनीची नोकरी समजू नका. "पे-स्लिप कुणाच्या नावाची?" हे रुजू होण्याआधी विचारून घ्या.

हाताला कौशल्य असेल तर

आता जे सांगतो ते फार कमी लोक मनावर घेतात, कारण त्यात झगमगाट नाही. गोव्याची हवा दमट आणि खारी. एसीची कॉइल, पंप, जनरेटर, गेटच्या मोटारी, लोखंडाचं जे जे काही असेल ते इथे पटापट सडतं. आसगाव, शिवोली, हणजूण, मोरजी या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत व्हिलांचं पीक आलंय. प्रत्येक व्हिलाला पोहण्याचा तलाव, चार-पाच एसी, इन्व्हर्टर, आणि मालक दिल्लीत किंवा मुंबईत. रात्री नऊ वाजता पाहुण्याच्या खोलीतला एसी बंद पडला, की त्या मालकाला खर्चापेक्षा वेळेवर येणारा माणूस महत्त्वाचा वाटतो.

एसी मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, पूल मेंटेनन्सवाला, मोठ्या हॉटेलांतला एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण) ऑपरेटर, बॉयलर अटेंडंट या सगळ्यांना बारा महिने काम आहे, आणि पावसाळ्यात उलट जास्त. छप्पर गळतं ते पावसातच. आयटीआयचं प्रमाणपत्र, इलेक्ट्रिकलचं असल्यास वायरमनचा परवाना, बॉयलरचं असल्यास त्याचं सर्टिफिकेट जवळ ठेवा. हॉटेलच्या इंजिनीअरिंग खात्यात दोन वर्षं काढायची, ओळखी करायच्या आणि मग वार्षिक देखभालीची कामं स्वतःच्या नावावर घ्यायची, हा इथला जुना आणि खात्रीचा रस्ता आहे. माझ्या मते बाहेरून येणाऱ्यासाठी गोव्यात याहून चांगला धंदा नाही. दहावी झालेल्या पोराला स्टुअर्ड करायच्या आधी त्याच्या आईवडिलांनी एसीच्या कोर्सची चौकशी करावी असं मला नेहमी वाटतं.

हॉटेलातच जायचं असेल तर

जा, पण कुठल्या दाराने आत शिरताय ते ठरवून जा. हॉटेलात पगार खात्यावर ठरतो. स्वयंपाकघरात कॉमीपासून (हाताखालचा आचारी) सुरुवात होते, मग सीडीपी (एका विभागाचा आचारी), मग सू शेफ (मुख्य शेफचा उजवा हात). कॉमीचा पगार ऐकून पुष्कळ जण माघारी फिरतात, पण पुढची चढण इथे भराभर होते, कारण चांगला हात असलेला शेफ कायम कमी पडतो. तंदूर, बेकरी आणि पेस्ट्री, कॉन्टिनेंटल यांतलं एक पक्कं येत असेल तर तुम्ही निवड करायची, हॉटेलने नाही. सर्व्हिसमध्ये पगार कमी आणि टिपा जास्त. हाउसकीपिंगमध्ये दोन्ही बेताचं, पण काम स्थिर, आणि एक्झिक्युटिव्ह हाउसकीपरपर्यंत पोचलेली माणसं मी पाहिली आहेत. सेल्स, रेव्हेन्यू, अकाउंट्स आणि पर्चेस या खात्यांकडे कुणी बघत नाही. बी.कॉम. आणि टॅली येणाऱ्या माणसाला फ्रंट ऑफिसच्या टायपेक्षा पर्चेसची खुर्ची जास्त फायद्याची असते.

शिकून यायचं असेल तर पर्वरीला केंद्र सरकारच्या अखत्यारीतली हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहे, आयएचएम. पाण्याची आवड असेल त्याच्यासाठी करंझाळ्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. पॉवरबोट चालवण्याचं किंवा जीवरक्षकाचं अधिकृत प्रमाणपत्र तिथून मिळतं, आणि ते नुसत्या "मला पोहता येतं" याच्यापेक्षा कितीतरी जास्त मोलाचं.

आता शॅक आणि कायम नोकरी यांचा हिशेब. उदाहरणादाखल आकडे धरू. शॅकवाला महिना २५,००० देतो, राहणं-जेवण त्याचं, काम ऑक्टोबर ते मे, म्हणजे आठ महिने. झाले २ लाख. चांगल्या चार महिन्यांत टिपांचे १६,००० धरा. वर्षाचे २ लाख १६ हजार, म्हणजे बारा महिन्यांत वाटले तर दरमहा १८,०००. दुसरीकडे कारखान्यात हातात २०,००० मिळतात, बारा महिने, म्हणजे २ लाख ४० हजार. त्यातून खोलीचे दरमहा ६,००० गेले की उरले १ लाख ६८ हजार, आणि जेवण अजून वेगळंच.

म्हणजे पहिल्या वर्षी शॅक जिंकतो. हे मी लपवत नाही. ज्याची गावी भातशेती आहे, जून लागताच ज्याला लावणीसाठी घरी जायचंच आहे, त्याच्यासाठी शॅकचं कॅलेंडर अगदी माप घेऊन शिवल्यासारखं आहे. सिंधुदुर्गातली आणि घाटाखालची कितीतरी माणसं वर्षानुवर्षं असंच करतात आणि सुखी आहेत. पण ज्याला गावी परतायचं नाही, ज्याला इथेच बिऱ्हाड थाटायचंय, त्याने तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं गणित मांडावं. कारखान्यात पगारवाढ आहे, पीएफ आहे, दुखलं-खुपलं तर ईएसआय (कामगार विमा) आहे, पाच वर्षांनी ग्रॅच्युइटी आहे. शॅकमध्ये पाचव्या वर्षीही ऑक्टोबरात पहिल्यापासून घासाघीस.

कॅसिनो, मोपा आणि लॅपटॉपवाले

मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर डीलर (टेबलावर पत्ते वाटणारा), कॅशियर, हॉस्टेस, सुरक्षा आणि सर्व्हिस अशा जागा निघत असतात. डीलरचं प्रशिक्षण बहुधा कॅसिनोच देतो. पैसे बरे असतात, टिपा एकत्र करून वाटल्या जातात. रात्रपाळी मात्र कायमची. दोन-तीन वर्षं करून पैसे बाजूला टाकायचे असतील तर ठीक. तब्येत आणि झोप यांची किंमत आपली आपण लावावी.

मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला आणि पेडणे तालुक्याचं गणितच बदललं. ग्राउंड हँडलिंग, कार्गो, सुरक्षा, दुकानं, आसपासची हॉटेलं. बांदा-सावंतवाडीच्या माणसाला तर हा घरून करण्यासारखा रोजगार. विमानतळाच्या आत काम करायचं तर प्रवेशपास लागतो आणि त्यासाठी पोलिस पडताळणी होते, तेव्हा गावच्या ठाण्यात एखादी किरकोळ तक्रार लोंबकळत असेल तर ती आधी मिटवून घ्या.

आणि ज्यांचं काम लॅपटॉपवर होतं त्यांना सांगायला फारसं काही उरत नाही. पगार पुण्याचा, राहणं गोव्यात, यापेक्षा भरघोस पगाराची नोकरी इथे शोधून सापडणार नाही. फक्त घर घेण्याआधी जूनमध्ये तिथे वीज किती वेळा जाते ते शेजाऱ्याला विचारा, घरमालकाला नको.

जिथे दार बंद आहे

राज्य सरकारच्या नोकरीसाठी गोव्यातलं १५ वर्षांचं वास्तव्य आणि कोंकणीचं ज्ञान लागतं. कुणी एजंट "ओळख आहे, लावून देतो" म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. केंद्राच्या संस्थांचं वेगळं आहे. गोवा शिपयार्ड, मुरगाव बंदर, दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था एनआयओ, वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र, जुन्या गोव्यातली आयसीएआरची (शेती संशोधनाची) संस्था, यांच्या जाहिराती देशभरासाठी निघतात आणि पगार केंद्राच्या श्रेणीने. गोवा शिपयार्डच्या वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिकल पदविकाधारक यांच्या जागांवर लक्ष ठेवण्यासारखं आहे.

टॅक्सी, शॅकचे परवाने, भाड्याच्या दुचाक्या या धंद्यांत स्थानिकांचा हक्क आहे आणि तो ते राखूनही आहेत. ओला-उबर इथे चालत नाहीत. नवख्याने त्यात घुसायचा विचारही करू नये. किनाऱ्यावर फिरून माल विकणं बेकायदा आहे, पकडलं की माल जातो.

परिचारिका आणि फार्मासिस्ट यांना खाजगी रुग्णालयांत मागणी चांगली आहे, पण महाराष्ट्रातल्या नोंदणीवर विसंबून येऊ नका. गोव्यातल्या कौन्सिलकडे नोंदणी कशी करायची ते आधी बघा.

क्रूझच्या जहाजावर पाठवतो म्हणून पैसे मागणारे मडगाव-म्हापशात भेटतील. नियम असा आहे की खलाशी भरतीसाठी एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना लागतो आणि नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून फी घेता येत नाही. पैसे मागितले की परवान्याचा क्रमांक मागा. पुष्कळदा बोलणं तिथेच संपतं.

शोध कसा घ्यायचा

नोकरीच्या वेबसाइटी बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. रविवारची मराठी वर्तमानपत्रं घ्या: तरुण भारत, गोमन्तक, पुढारी, लोकमत, नवप्रभा. लहान हॉटेलं, गॅरेजं, बांधकाम व्यावसायिक, औद्योगिक वसाहतींतले मधल्या आकाराचे कारखाने अजूनही तिथेच जाहिरात देतात. कारखान्यांच्या थेट मुलाखतींच्या जाहिरातीही इथे सापडतात.

हॉटेलात प्रत्यक्ष जायचं तर पुढच्या दाराने जाऊ नका. मागे कर्मचाऱ्यांचं गेट असतं, तिथे टाइम ऑफिस. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान जा. जेवणाची गडबड संपलेली असते, संध्याकाळची सुरू झालेली नसते, शेफ आणि एचआर दोघेही जागेवर सापडतात. सोबत बायोडेटाच्या दहा प्रती, आधार, पॅन, शिक्षणाची प्रमाणपत्रं, आधीच्या नोकरीचं अनुभवपत्र, बँक पासबुकाची प्रत आणि पीएफचा यूएएन क्रमांक ठेवा. स्वयंपाकघरात ट्रायल घेतील. एक दिवसाची ट्रायल ही रीत आहे. आठवडाभर "ट्रायल" चालली तर ते फुकटचं काम आहे.

गावचा माणूस आधीच तिथे असेल तर त्याच्या ओळखीने जा. गोव्यातली निम्मी भरती अशीच होते असं म्हटलं तरी कुणी वाद घालणार नाही.

पगार बोलताना

संवाद साधारण असा होतो.

"पगार किती अपेक्षित आहे?"

"साहेब, तुम्ही या जागेला किती देता ते सांगा. हातात किती आणि कापून किती, ते वेगवेगळं सांगा."

इतकं बोलायला लाजू नका. वार्षिक सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा फुगवलेला असतो. त्यात पीएफचा कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, कधी कधी जेवणाची किंमतसुद्धा धरलेली असते. पीएफसाठी मूळ पगाराच्या १२ टक्के तुमचे कापले जातात आणि तेवढेच कंपनी घालते, त्यातला काही भाग पेन्शन खात्यात जातो. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, त्यात तुमचा वाटा अवघा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५. "पीएफ नको, हातात जास्त देतो" असं कुणी म्हटलं तर तो तुमच्या पुढच्या काळातले पैसे तुम्हालाच आज दाखवतोय, पदरचं काही देत नाही.

मग ऑगस्टचा प्रश्न. पावसाळ्यात पगार पूर्ण की अर्धा? सक्तीची रजा आहे का, तिचा पगार आहे का? पुढचा प्रश्न टिपांचा: ज्याची त्याची की गोळा करून वाटतात, आणि स्वयंपाकघराला त्यात हिस्सा आहे का? त्यापुढे शिफ्ट. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी अकरा ते तीन आणि पुन्हा संध्याकाळी सात ते अकरा. कागदावर आठ तास, प्रत्यक्षात दिवस गेला. खोली लांब असेल तर मधले चार तास हॉटेलच्या मागच्या पायरीवर. साप्ताहिक सुट्टी किती? जादा तासांचे पैसे मिळतात का? कायद्याने दुप्पट दर आहे. प्रत्यक्षात मिळतो की "कॉम्प ऑफ" (पैशांऐवजी बदली सुट्टी) देतात, हे तिथे काम करणाऱ्याला चहाच्या टपरीवर विचारा.

राहण्याची सोय आहे म्हणाले तर ती आधी डोळ्यांनी बघा. एका खोलीत किती खाटा, पाणी किती वेळ, जेवण दोन वेळचं की एक वेळचं. चांगल्या स्टाफ क्वार्टरची किंमत महिन्याला सहा-सात हजारांहून कमी नाही. वाईट क्वार्टरमुळे माणूस दुसऱ्याच महिन्यात नोकरी सोडतो.

आणि नियुक्तीपत्र. तोंडी बोलण्यावर सीझन सुरू केला की मेच्या शेवटी शेवटचा पगार "पुढच्या आठवड्यात" होतो.

खोली कुठल्या काठाला

बाहेरच्या माणसाला गोवा नकाशावर एवढासा वाटतो. सगळा मिळून ३,७०२ चौरस किलोमीटर. पण मधून मांडवी आणि जुवारी या दोन मोठ्या नद्या वाहतात. पणजी ज्या तिसवाडी तालुक्यात आहे तो तर या दोन नद्या आणि कुंभारजुव्याचा कालवा यांच्यामध्ये सापडलेलं बेटच आहे. नवे पूल झाल्यापासून सुसह्य झालंय, तरी सकाळच्या गर्दीत नदी ओलांडणं म्हणजे वेळ आणि पेट्रोल. नियम सोपा: नोकरी आणि खोली नदीच्या एकाच काठाला.

वेर्ण्यात काम असेल तर मडगाव, वास्को किंवा कुठ्ठाळी. पिळर्ण, कोलवाळ किंवा उत्तरेच्या किनाऱ्यावर काम असेल तर म्हापसा. कुंडई-मडकई-बेतोड्याला फोंडा, आणि मराठी माणसाला फोंड्यात घरच्यासारखंच वाटतं. पर्वरी सोयीचं पण महाग. मोठ्या कारखान्यांच्या बसगाड्या बऱ्याच गावांतून सुटतात. कंपनीची बस तुमच्या गावाला येते का, हे खोली घेण्याआधी विचारलं तर दुचाकीचा खर्चच वाचतो. एरवी दुचाकीशिवाय इथे चालत नाही. कदंबच्या आणि खाजगी बसगाड्या दिवसा आहेत, पण आतल्या गावांकडे जाणाऱ्या संध्याकाळी आठच्या सुमारास संपतात. त्यानंतर भाडं घेऊन मागे बसवून नेणारा पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाला पायलट मिळाला तर मिळाला.

कळंगुट-बागा-हणजूण पट्ट्यात पावसाळ्यात स्वस्तात खोली मिळते आणि ऑक्टोबर उजाडला की घरमालक ती पर्यटकाला देण्यासाठी रिकामी करायला सांगतो. अकरा महिन्यांचा लेखी करार केल्याशिवाय तिथे सामान टाकू नका. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देणं बंधनकारक आहे. घरमालक टाळाटाळ करत असेल तर तुम्हीच फॉर्मची आठवण करा. एमएच किंवा केए पाटीची गाडी आणलीत तर कागदपत्रं आणि हेल्मेट कायम जवळ ठेवा, नाक्यावर आपल्यालाच आधी थांबवतात. बारा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर गाडीची नोंदणी गोव्यात करून घ्यावी लागते.

बोलणं-चालणं

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथे मराठीत बोललात तरी कुणाला परकं वाटत नाही. देवळातली आरती मराठी, गावातलं नाटक मराठी. सासष्टीत आणि बार्देशच्या किनाऱ्यावर कोंकणी किंवा इंग्रजी. कोंकणी समजायला आपल्याला वेळ लागत नाही, मालवणी येत असेल तर आठवड्यात कान बसतो. मोडकंतोडकं का होईना, बोलायला लागा. सुपरवायझर बहुधा गोंयकार असतो आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलणाऱ्याची ड्युटी नीट लागते, हा माझा अनुभव.

एक चूक मात्र आपली माणसं हटकून करतात. गप्पांच्या ओघात "गोवा म्हणजे महाराष्ट्रच की" असं म्हणून जातात. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने मतदान करून महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला, ३० मे १९८७ रोजी वेगळं राज्य मिळवलं, आणि हे दोन्ही इथल्या माणसाच्या अभिमानाचे विषय आहेत. बाहेरून येणाऱ्यांमुळे जमिनी आणि नोकऱ्या जातात ही भीतीही खरी आहे. "भायले" हा शब्द कानावर येईल. चिडू नका, वादही घालू नका. भायला म्हणून आलेला माणूस कामाला चोख निघाला की तिसऱ्या चवथीला त्याला घरी जेवायला बोलावणारेही हेच लोक.

पहिला पावसाळा येण्याआधी

एप्रिलमध्येच पुढचं ठरवा. सीझनची नोकरी असेल तर त्याच महिन्यात आपल्या खात्याच्या प्रमुखाला सरळ विचारा, कायम करणार की नाही. नाही म्हणाला तर मेमध्ये दुसरीकडे मुलाखती द्या. जूनमध्ये सगळेच रस्त्यावर येतात, तेव्हा भाव पडलेला असतो. नोकरी सुटताना शेवटच्या दिवशी तीन गोष्टी हातात घ्या: अनुभवपत्र, पगाराचा पूर्ण हिशेब, आणि पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख भरल्याची खात्री. ही तारीख भरलेली नसेल तर नव्या ठिकाणी पैसे वळते करताना अडकायला होतं, आणि तोवर जुन्या मालकाचं एचआर सुट्टीवर गेलेलं असतं. पावसाचे दोन महिने रिकामे मिळालेच तर एसीचा, बेकरीचा किंवा जलक्रीडेचा कोर्स त्यात बसवा. ऑगस्टअखेर नवी भरती सुरू होते तेव्हा बायोडेटात एक ओळ वाढलेली असते, आणि पगार बोलताना ती कामाला येते.